गळका हौद रिकामा करण्यापूर्वी

घराच्या आवारात पोहण्याचा हौद बांधला की त्यातल्या चुका लगेच दिसत नाहीत. भिंत ओळंब्यात नसेल तर ती कोणालाही दिसते, दार घासत असेल तर पहिल्याच दिवशी कळते. हौदाचे तसे नाही. त्यात पाणी भरले की सर्व काही निळे आणि शांत दिसू लागते. मग काही दिवसांनी घरातले कोणीतरी म्हणते, "पाणी कमी झाल्यासारखे वाटते." येथून पुढे बहुतेक जण एकच गोष्ट करतात. पंप लावून हौद उपसतात आणि गवंड्याला बोलावतात. हौद गळतो ही मूळची चूक लहान असते. तो न मोजता, न विचार करता रिकामा करणे ही चूक मात्र कधी कधी अख्खा हौद घालविते. तसे का होते आणि उपसण्यापूर्वी काय काय मोजता येते, ते या लेखात पाहू. त्याला नववी-दहावीचे पदार्थविज्ञान पुरते.

हिशेबासाठी एक हौद ठरवून घेऊ. छत्रपती संभाजीनगरच्या बाहेर, एखाद्या शेतघराच्या आवारात तो आहे असे समजा. आतून लांबी ८ मीटर, रुंदी ४ मीटर आणि खोली सगळीकडे १·५ मीटर. तळ आणि भिंती सळया घातलेल्या काँक्रीटच्या, जाडी सर्वत्र २० सेंटीमीटर. हौदाची कड जमिनीच्या पातळीत. पाण्याचे क्षेत्रफळ ३२ चौरस मीटर आणि आकारमान ४८ घनमीटर झाले; म्हणजे तो भरायला ४८,००० लिटर पाणी लागते. नाथसागराचे पाणी पैठणहून उपसून ज्या शहरात आणावे लागते, तेथे हा आकडा लिहितानाही हात जरा थांबतो. पण हौद बांधलाच असेल तर तो निदान गळू तरी नये.

आता पहिला प्रश्न. पाणी कमी झाले म्हणजे हौद गळतोच का? तसे मुळीच नाही. आपल्याकडे मे महिन्यात उघड्या पाण्याची पातळी नुसत्या बाष्पीभवनाने दिवसाला सेंटीमीटरभर सहज उतरते. वारा सुटला तर त्याहूनही जास्त. आपल्या हौदात एक सेंटीमीटर म्हणजे ३२० लिटर पाणी. ते हवेत गेले की जमिनीत, हे नुसते पाहून सांगता येणार नाही.

यासाठी एक साधी बादली पुरते. बादलीत तळाशी एक जड दगड ठेवा, ती पाण्याने भरा आणि हौदाच्या पायरीवर अशी ठेवा की तिचा बराचसा भाग हौदाच्या पाण्यात बुडालेला राहील. त्यामुळे दोन्हीकडच्या पाण्याचे तापमान सारखे राहते. बादली अंगणात उन्हात ठेवली तर तिचे पाणी अधिक तापेल आणि तुलना फुकट जाईल. बादलीच्या आत आणि हौदाच्या भिंतीवर पाण्याच्या पातळीला खूण करा. पंप बंद, पोहणे बंद. चोवीस तासांनी दोन्हीकडची घट मिलिमीटरमध्ये मोजा. ऊन, वारा, हवेतली आर्द्रता दोघांनाही सारखीच. बादली गळत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा हौदाची घट वजा बादलीची घट ही गळती. समजा, बादलीत १० मिलिमीटर आणि हौदात १६ मिलिमीटर घट झाली. फरक ६ मिलिमीटर. ३२ चौरस मीटरांवर तो १९२ लिटर होतो. शहरातल्या पाणीपुरवठ्याच्या योजना माणशी रोज १३५ लिटर धरून आखतात. म्हणजे एका माणसाच्या दिवसभराच्या पाण्याहून अधिक पाणी रोज जमिनीत मुरते आहे. एका दिवसाच्या मोजणीवर मात्र विसंबू नका. तीन-चार दिवस मोजून सरासरी घ्या.

एवढी गळती व्हायला छिद्र केवढे लागते? पाण्याखाली १·५ मीटरवर भोक असेल तर पाणी बाहेर पडण्याचा वेग टोरिसेलीच्या नियमाप्रमाणे २ गुणिले ९·८ गुणिले १·५ याचे वर्गमूळ, म्हणजे सेकंदाला सुमारे ५·४ मीटर येतो. एक चौरस मिलिमीटरच्या भोकातून या वेगाने दिवसाला ४६८ लिटर जातील. प्रत्यक्षात बाहेर पडणारी धार आकसते, म्हणून यातले साठ टक्के धरा. तरी २८० लिटर होतात! एक चौरस मिलिमीटर म्हणजे जवळजवळ खसखशीच्या दाण्याएवढे भोक. हौदाच्या बाहेर माती घट्ट असली तर ती प्रवाह अडविते आणि गळती कमी होते, हे खरे. पण मोठी भेग शोधत बसू नका, एवढे यावरून ध्यानात यावे.

ते भोक कोठे आहे? पुष्कळांना वाटते की हे कळायला हौद रिकामाच करायला हवा. उलट, पाणी आत असतानाच ते शोधणे सोपे जाते. पाण्याची भर घालू नका; पातळीला आपोआप उतरू द्या आणि रोज बादलीची तुलना चालू ठेवा. पातळी जसजशी खाली येईल तसतशी भोकावरच्या पाण्याची उंची कमी होईल आणि गळती मंदावेल. समजा, पातळी ३० सेंटीमीटर उतरल्यावर गळती रोजच्या ६ मिलिमीटरवरून ३ मिलिमीटरवर आली. भोकातला वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. वेग निम्मा झाला म्हणजे उंची चौथाई झाली. पूर्वीची उंची आताच्या चौपट आणि दोहोंतला फरक ३० सेंटीमीटर. म्हणजे आताची उंची १० सेंटीमीटर. भोक सध्याच्या पातळीखाली १० सेंटीमीटरवर आहे! पण गळती भोकातून नसून केसासारख्या बारीक भेगेतून पाझरत असेल, तर ती वर्गमुळाच्या नव्हे, सरळ उंचीच्याच प्रमाणात असते. मग उंची निम्मी झाली आहे आणि उत्तर ३० सेंटीमीटर येते. शोध घ्यायचा तो या दोन पातळ्यांच्या मधल्या पट्ट्यात. एवढ्या पट्ट्यात साधारणपणे नळाचे तोंड, दिव्याचा कोनाडा किंवा काँक्रीटचा एखादा सांधा असतो. तेथे पाणी अगदी स्थिर असताना पोटॅशियम परमँगनेटच्या दाट द्रावणाचा एक थेंब ड्रॉपरने हलकेच सोडा. गळतीच्या जागी जांभळा धागा भिंतीकडे ओढला जाऊन आत शिरताना दिसतो. अर्थात लहानांनी हे मोठ्या माणसाला बरोबर घेऊनच करावे. हौद निम्मा रिकामा असला तरी बुडायला पुरेसा असतो.

यात दोन-तीन आठवडे जातात. घरमालकाला तेवढा धीर नसतो. पंप भाड्याने मिळतो आणि संध्याकाळपर्यंत हौद कोरडा होतो. आता या कोरड्या हौदाचे काय होते ते पाहू. लेखातला महत्त्वाचा भाग हाच आहे.

काँक्रीटचा रिकामा हौद म्हणजे वरून उघडा असलेला एक खोका. त्याचे बाहेरचे माप ८·४ मीटर, ४·४ मीटर आणि १·७ मीटर. बाहेरचे आकारमान ६२·८ घनमीटर. आतली पोकळी ४८ घनमीटर वजा केली की काँक्रीट उरले १४·८ घनमीटर. सळयांसह काँक्रीटचे वजन घनमीटरला २·५ टन धरतात. तेव्हा हौदाचे वजन ३७ टन. आता हौदाच्या बाहेर, जमिनीत पाणी आहे असे समजा आणि आर्किमिडीजचे तत्त्व आठवा. हौदाच्या तळाचे बाहेरचे क्षेत्रफळ जवळजवळ ३७ चौरस मीटर आहे. बाहेरचे पाणी तळाच्या खालच्या बाजूपासून एक मीटर चढले की बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन ३७ टन होते. म्हणजे बाहेरचे पाणी जमिनीखाली ७० सेंटीमीटरवर येताच आपला ३७ टनांचा हौद तरंगायच्या बेतात येतो! भिंतींना चिकटलेली माती त्याला थोडे धरून ठेवते. पण भिजलेल्या मातीवर किती भरवसा ठेवायचा?

काँक्रीट तरंगते हे कोणाला खोटे वाटेल. दुसऱ्या महायुद्धात, जून १९४४ मध्ये, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर कृत्रिम बंदरे उभारण्यासाठी दोस्त राष्ट्रांनी काँक्रीटचे प्रचंड पोकळ खोके इंग्लंडहून खाडी ओलांडून बोटींनी ओढत नेले होते. त्यांना 'फीनिक्स' असे नाव होते आणि मोठ्या खोक्यांचे वजन सहा हजार टनांपर्यंत होते. तेथे पोहोचल्यावर त्यांत पाणी भरले की ते तळाला बसत. आपल्या अंगणातला हौदही भरलेला असतो तेव्हा बसलेला असतो आणि रिकामा केला की फीनिक्स होऊ पाहतो.

सगळाच हौद वर उचलला जाईल असेही नाही. बहुधा त्याआधी तळ फुटतो. बाहेरचे पाणी एक मीटर चढले असता तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर खालून एक टनाचा रेटा असतो. तळाचे स्वतःचे वजन चौरस मीटरला अर्धा टन. बाकी अर्धा टन रेटा तळाला मधोमध वर फुगवू पाहतो. काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ताण सोसत नाही; ताण घेण्यासाठी सळया असतात. घराच्या छताचा स्लॅब खाली वाकू पाहतो, त्याची खालची बाजू ताणली जाते आणि म्हणून सळया खालच्या बाजूला घालतात. गवंड्याच्या हाताला हीच सवय असते. हौदाचा तळ मात्र वर वाकतो आणि त्याची वरची बाजू ताणली जाते. तेथे सळया नसतील, किंवा जाळी वर बांधली असूनही काँक्रीट ओतताना मजुरांच्या पायांखाली ती खाली दबली असेल, तर तळाला लांबलचक भेग पडते. मूळच्या खसखशीएवढ्या भोकाच्या बदल्यात ही भेग घरमालकाच्या पदरी येते.

येथे कोणी म्हणेल, आमच्या मराठवाड्यात जमिनीखाली ७० सेंटीमीटरवर पाणी कोठले? उन्हाळ्यात विहिरी कोरड्या पडतात! विहिरीच्या पाण्याबद्दल हे बरोबर आहे, हौदाच्या खड्ड्याबद्दल मात्र नाही. येथे वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि खाली काळा पाषाण असतो. काळी माती ओली झाली की तिच्यातून पाणी फार सावकाश जाते आणि अभंग पाषाणातून तर जवळजवळ जातच नाही. अशा जमिनीत खड्डा खणून त्यात हौद बांधला आणि भोवतालची फट सैल मातीने व विटांच्या तुकड्यांनी भरून काढली, तर काय तयार झाले? एका मोठ्या वाडग्यात ठेवलेली लहान वाटी. पावसाचे पाणी, अंगणाचे पाणी आणि हौदाची स्वतःची गळती, सर्व त्या फटीत साठते आणि त्याला जायला वाट नसते. शेजारच्या विहिरीत पाणी खोल असले तरी वाडग्यात ते काठोकाठ असू शकते. आपल्या शहराचा वर्षाचा पाऊस सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर. त्यातला बराचसा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. पाऊस संपता संपता हौद "साफ करून घेऊ" म्हणून उपसणे सर्वांत धोक्याचे असते, ते याचमुळे.

मग हौद कधी रिकामा करायचाच नाही का? करायचा, पण बाहेरचे पाणी मोजून. हौद बांधतानाच बाजूच्या भरावात, तळाच्याही खालपर्यंत जाणारा, भोके पाडलेला एक उभा नळ ठेवावा आणि भोवती खडी घालावी. दोरीला वजन बांधून नळात सोडले की बाहेरच्या पाण्याची पातळी कळते. नळातून पंपाने पाणी उपसून घेता येते, हा दुसरा फायदा. बांधताना ठेवला नसेल तर हौदाजवळ पहारीने खोल भोक घेऊनही पाहता येईल. नळ नाही आणि पावसाळा आहे, अशा वेळी आत किती पाणी राहू द्यावे? बाहेरचे पाणी थेट जमिनीपर्यंत आले असे धरा. तरंगविणारे बल ६२·८ टन, हौदाचे वजन ३७ टन. उरलेले २५·८ टन आतल्या पाण्याने भरून काढायला हवेत. ते ३२ चौरस मीटरांवर ८० सेंटीमीटर होते. मी तर एक मीटर ठेवायला सांगेन. काठावरच्या हिशेबाने कोणी सुखाने झोपू नये.

तळात एकेरी झडप बसविण्याचीही पद्धत आहे. बाहेरचा दाब आतल्यापेक्षा वाढला की ती उघडते आणि पाणी आत येऊ देते. थोडे गढूळ पाणी आत आले तरी चालेल, तळ शाबूत राहतो. मात्र कचरा अडकून ती उघडी राहिली तर तीच गळू लागते.

सळया चुकीच्या ठिकाणी पडल्याचे नंतर कळले, तर जुन्या तळावर दुसरा तळ घालणे हाच बरा उपाय. भिंतींच्या तळाशी नीट सांधून १५ सेंटीमीटर जाडीचा नवा थर घातला तर १२ टन वजन वाढते आणि बाहेरचे पाणी आणखी ३२ सेंटीमीटर चढले तरी हौद दाद देत नाही. खोली तेवढी कमी होते, ते सोसावे.

नुसता गिलावा करून गळती थांबते का, असे पुष्कळदा विचारले जाते. याचे उत्तर दाब कोणत्या बाजूने आहे यावर आहे. हौद भरलेला असताना पाणी गिलाव्याला भिंतीवर दाबून धरते, म्हणून आतून लावलेले ठिगळ टिकते. बाहेरून लावले तर तेच पाणी भेगेतून येऊन त्याला ढकलून देते. हौद रिकामा आणि बाहेर पाणी, अशा स्थितीत आतल्या गिलाव्याचीही हीच गत होते. त्याचे पापुद्रे सुटतात. यासाठीच भेग नुसती वरून लिंपू नये. ती छिन्नीने रुंद व खोल करावी, आतली माती धुऊन काढावी, मग भरावी आणि भरलेली जागा आठ-दहा दिवस ओली ठेवावी. सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेने होते. एप्रिलच्या उन्हात दुपारी काँक्रीट ओतून संध्याकाळी त्यावर दोन बादल्या शिंपडणे म्हणजे भेगांना आमंत्रणच. तसेच मिश्रण थापीखाली सहज सरकावे म्हणून त्यात वाजवीपेक्षा जास्त पाणी घालतात. ते जादा पाणी पुढे उडून जाते आणि मागे सूक्ष्म पोकळ्या ठेवते.

काळ्या मातीचा आणखी एक गुण येथे सांगायला हवा. हिच्यातील चिकणमातीचे खनिज पाणी पिऊन फुगते आणि वाळले की आकसते. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या भेगा तुम्ही पाहिल्या आहेतच. हौद एका बाजूला गळत असेल तर त्या बाजूची माती फुगते, दुसऱ्या बाजूची कोरडीच राहते. भिंत असमान रेटली जाते, भेग रुंदावते आणि गळती आणखी वाढते. म्हणून हौदाखालची आणि भोवतालची काळी माती काढून टाकून तेथे मुरूम, थराथराने पाणी मारून आणि धुमसाने ठोकून भरतात. हा खर्च वाचविणारा पुढे दुप्पट खर्च करतो, असे माझे मत आहे.

त्या मानाने एक चूक अगदी निरुपद्रवी. हौदाची कड एका टोकाला दोन सेंटीमीटर खाली असणे. गवंड्याने पाण्याची लेव्हल नळी वापरताना आतला हवेचा बुडबुडा काढला नाही किंवा एका टोकावरचा अंगठा उचलला नाही, की असे होते. पाणी आपली पातळी सोडत नाही, त्यामुळे ही चूक रोज डोळ्यांत खुपते. पण वरच्या फरशीच्या ओळीत ती सावरून घेता येते.

जुन्या लोकांनी हे प्रश्न कसे सोडविले, ते पाहायला तुम्हाला लांब जावे लागणार नाही. पाणचक्कीच्या हौदाचा तळ हा खालच्या दालनाचे छत आहे. हौदाखाली माती नाहीच, हवा आहे. म्हणजे खालून पाण्याचा रेटा येण्याचा प्रश्नच नाही आणि थेंब गळला तर उभ्या-उभ्या दिसतो. मात्र वरच्या पाण्याच्या दर मीटर खोलीमागे छताच्या प्रत्येक चौरस मीटरवर एक टन भार येतो, म्हणून खाली ते भक्कम खांब आहेत. देवगिरीच्या किल्ल्यातला हत्ती हौद ३८ मीटर लांब, तेवढाच रुंद आणि ६·६ मीटर खोल आहे. तो काठोकाठ भरला तर एकेका भिंतीवर पाण्याचा एकूण रेटा ८०० टनांहून अधिक येतो. हा रेटा खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आपल्या दीड मीटरच्या हौदात लांब भिंतीवर तो ९ टनच भरतो. गावोगावच्या बारवा तर वेगळ्याच तत्त्वावर उभ्या आहेत. त्यांना पाणी आत यायलाच हवे असते. चुन्याशिवाय रचलेल्या दगडांच्या सांध्यांतून ते आत-बाहेर करते, दोन्हीकडची पातळी एक राहते आणि भिंतीला ढकलणारा दाबाचा फरक उरत नाही.

हे सर्व शाळेत करून पाहता येईल. एक बादली आणि तीत सैल मावेल असा स्टीलचा डबा घ्या. बादलीच्या तळाशी थोडी वाळू घालून त्यावर रिकामा डबा ठेवा आणि भोवती, त्याच्या काठापर्यंत, कोरडी वाळू भरा. कडेला एक पारदर्शक नळी वाळूत उभी खोचा. तिच्या तळाला पातळ कापड बांधा, म्हणजे वाळू आत शिरणार नाही. आता वाळूवर कडेकडेने हळूहळू पाणी ओता आणि नळीतली पातळी पाहत राहा. डब्याचे वजन आणि तळाचे क्षेत्रफळ आधी मोजले असेल, तर तो कोणत्या पातळीला उचलला जाईल हे वहीत लिहून ठेवा. प्रत्यक्षात तो त्यापेक्षा थोड्या वरच्या पातळीला उचलला जाईल, कारण वाळूचे घर्षण त्याला धरून ठेवते. हा फरक किती येतो ते मोजा. मग डब्यात निम्मे पाणी भरून प्रयोग पुन्हा करा.